कारणांचा रकाना

मामा गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी मामींनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढायला लावली. पत्र्याची, कोपऱ्यांना गंज चढलेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली. सातारा जिल्ह्यात घरटी अशी ट्रंक असलेली गावं आहेत. अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं कामी आली. मामांच्या ट्रंकेत एक खरबरीत कांबळं, ॲल्युमिनियमचा मग, पदकांची डबी आणि तळाशी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेले कागद होते. मामींना फॅमिली पेन्शन सुरू करायला पेन्शनचा कागद हवा होता. शोधता शोधता माझ्या हाती दुसराच लागला.

तो १९९९ सालचा, निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा कागद होता. फौजी भाषेत 'रिलीज बोर्ड'. छापील नमुना, त्यावर कार्बनची पुसट निळी अक्षरं. आजार : क्रॉनिक ब्रॉन्कायटिस. अपंगत्व : २० टक्के. त्याखाली एक आडवा तक्ता. पहिला रकाना विचारतो, आजार लष्करी सेवेमुळे झाला का? नाही. दुसरा, सेवेमुळे बळावला का? नाही. तिसरा, सेवेशी काही संबंध नाही असं म्हणायचं का? होय. चौथा रकाना सगळ्यांत रुंद आहे, कारण तिथे कारणं लिहायची असतात. त्या रुंद रकान्यात एकच शब्द होता, 'कॉन्स्टिट्यूशनल'. म्हणजे आजार माणसाच्या मूळ प्रकृतीतलाच.

"मामांना हे कुणी समजावून सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"सही करा म्हनले, केली," मामी म्हणाल्या. "इंग्रजीत हुतं समदं."

एसटी स्टँडपासून घरापर्यंतची वाट जेमतेम अर्ध्या मैलाची. शेवटच्या दहा-बारा वर्षांत त्या वाटेवर मामांचे तीन थांबे ठरलेले होते : मारुतीचा पार, दूध डेअरीची पायरी आणि ग्रामपंचायतीचा कट्टा. गावाला वाटायचं, मेजर गप्पा मारायला बसतात. (आमच्याकडे हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूसही 'मेजर'च असतो.) खरं म्हणजे ते दम खायला बसायचे. ओठ आवळून, शीळ घालावी तसा श्वास बाहेर सोडायचे. तसं केल्यानं बरं वाटतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, शरीरानंच शिकवलं होतं. हिवाळ्यात आडवं होऊन झोपता यायचं नाही. मार्गशीर्षातल्या रात्री ते भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन बसलेले असायचे, आणि बाहेरच्या खोलीत आम्हाला त्यांच्या छातीचा आवाज ऐकू यायचा. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा.

भरती झाली तेव्हा हाच माणूस अठरा वर्षांचा होता. धावण्यात गटात दुसरा आला होता, छाती फुगवून मोजली होती, आणि फौजेच्याच डॉक्टरनं त्याला सगळ्या बाबतींत तंदुरुस्त असा शेरा दिला होता. तो कागदही त्याच ट्रंकेत आहे. मग १९८१ ते १९९९ या अठरा वर्षांत हा 'मूळ प्रकृतीतला' आजार आला कुठून?

या लेखाचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे. मामांसाठी आता उशीर झाला. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, हे कागद घेऊन चार वकिलांकडे आणि दोन निवृत्त लष्करी डॉक्टरांकडे फिरल्यावर मला कळलं.

लष्करी पेन्शनच्या दुनियेत आजाराचे दोन प्रकार. एक सेवेमुळे उद्भवलेला किंवा बळावलेला, आणि दुसरा दोन्ही नाही असा. या दुसऱ्या प्रकाराची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'नाना' हा शब्द होतो, आणि वकील मंडळी तोच वापरतात. "तुमच्या मामांचं नाना आहे," असं पहिल्या वकिलानं सांगितलं तेव्हा मला क्षणभर कळेना. मग त्यांनी मराठीत फोड केली : ना सेवेमुळे, ना सेवेत बळावलेला. नाना लागला की डिसेबिलिटी पेन्शन नाही. मामांची सेवा पंधरा वर्षांपेक्षा जास्त झालेली, त्यामुळे साधं पेन्शन तरी मिळालं. ज्या जवानाला पंधरा वर्षांच्या आत बोर्डानं घरी पाठवलं, त्याच्यासाठी हा शेरा म्हणजे आयुष्याचा निकालच असतो. पूर्वी दहा वर्षांच्या आत बाहेर पडावं लागलं तर एकरकमी ग्रॅच्युइटी हातात पडायची आणि संबंध संपायचा.

पैशाचा हिशेबही सांगायला हवा, कारण घर त्यावर चालतं. शंभर टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. टक्का कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. त्यात २००१ च्या धोरणानं टक्के वर ओढले : ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यापुढे १००. हा फायदा सुरुवातीला फक्त बोर्डानं बाहेर काढलेल्यांना होता. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितलं. म्हणजे मामांचे २० टक्के ५० धरले गेले असते आणि साध्या पेन्शनवर पगाराच्या १५ टक्के रक्कम आयुष्यभर मिळाली असती. इनहेलर, नेब्युलायझर, पावसाळ्यात ऑक्सिजनचं भाड्याचं यंत्र यांचा खर्च त्यातून निघाला असता. मृत्यूनंतरही फरक पडतो. मृत्यू सेवेशी जोडला गेला तर विधवेला विशेष फॅमिली पेन्शन मिळतं, पगाराच्या ६० टक्के. नाही जोडला गेला तर साधं, ३० टक्के.

आता त्या अठरा वर्षांकडे वळतो. मामांना हापो झाला होता. उंचावरच्या विरळ हवेत फुप्फुसात पाणी भरण्याला फौजेत हा शब्द आहे. १९८९ मध्ये ते रजा संपवून गावाहून परत वर, उंचावरच्या ठाण्यावर गेले, आणि तिसऱ्या रात्री खोकला सुरू झाला. हा प्रसंग ते फारसा सांगायचे नाहीत. एकदाच, बेंदराच्या दिवशी बैल धुऊन झाल्यावर ओट्यावर बसून सांगितला होता. "छातीत पानी गुळगुळतंय ते माझं मलाच ऐकू येत हुतं. हुक्का वढल्यागत. तोंडाला गुलाबी फेस. शेजारचा पोरगा म्हनला, हवालदारसाब, बोलू नका. मी बोलतच नव्हतो, त्यो माझा श्वासच हुता." हेलिकॉप्टर सकाळी उजेडल्यावरच येऊ शकत होतं. ते आलं, आणि खाली उतरवल्यावर काही तासांत रंग पालटला.

हापो कसा होतो हे आता चांगलं माहीत आहे. हवेतला ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. सगळ्या सारख्या आकसत नाहीत. ज्या मोकळ्या राहतात त्यांच्यावर रक्ताचा सगळा लोट येतो, दाब वाढतो, केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती तो दाब सोसत नाहीत, आणि द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो. माणूस कोरड्या बर्फावर आपल्याच अंगातल्या पाण्यात बुडतो. खाली उतरवणं आणि ऑक्सिजन देणं हा खरा इलाज. म्हणूनच वर चढताना फौज टप्प्याटप्प्यानं चढवते : ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारांवर चार, त्याच्या वर आणखी चार. रजेवरून परतणाऱ्यालाही हवेशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

हे ज्ञान जगाला कुणी दिलं? त्यात मोठा वाटा भारतीय लष्कराच्या डॉक्टरांचा आहे, आणि हा भाग मला या सगळ्या कागदपत्रांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. १९६२ च्या चीन युद्धात मैदानातले जवान घाईघाईनं विमानांनी लडाखमध्ये पोहोचवले गेले. गोळी न लागता माणसं मरू लागली. लेहच्या इस्पितळातले डॉ. मेनन यांनी हापोच्या १०१ रुग्णांचा अभ्यास १९६५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. त्याच वर्षी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. १९६९ मध्ये त्यांनीच उंचावरच्या आजारानं गाठलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगातल्या गिर्यारोहणाच्या वैद्यकाची पुस्तकं आजही या लेखांचा आधार घेतात. पुढे १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूतमध्ये आपण सियाचेनवर चढलो आणि तिथून उतरलो नाही. १९९० मध्ये इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली. ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर सरासरी अकरा आठवडे राहिलेल्या २१ जवानांचं हृदय उजव्या बाजूनं थकलं होतं, अंगावर सूज आली होती, पोटात पाणी झालं होतं. फुप्फुसातला दाब इतके दिवस चढलेला राहिला की हृदयाला तो पेलवत नाही.

म्हणजे वर गेल्यावर छातीचं काय होतं हे जगाला आमच्या फौजेच्या डॉक्टरांनी शिकवलं, तेही आमच्या जवानांच्या छात्या तपासून. आणि त्याच फौजेच्या दुसऱ्या एका टेबलावर तशाच एका छातीसमोर लिहिलं गेलं, सेवेशी संबंध नाही.

हापोतून बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात, हे मला दोन्ही डॉक्टरांनी बजावून सांगितलं. मामांचा ब्रॉन्कायटिस हापोमुळेच झाला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वर फक्त विरळ हवा नसते. वर बुखारी असते. रॉकेलवर चालणारी शेगडी. बंकरमध्ये किंवा फायबरच्या झोपडीत पाच-सहा माणसं, बाहेर उणे तीस-चाळीस, दार बंद, आणि रात्रंदिवस रॉकेलचा धूर. त्याच रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, त्यावरच जेवण. मामा म्हणायचे, सकाळी थुंकी काळी यायची आणि नाक शिंकरलं की रुमालावर काजळी. धूर आणि फुप्फुसांचं नातं सांगायला लांब जायला नको. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं की कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा दम लागण्याचा आजार मोठ्या प्रमाणात होतो आणि घरातल्या चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे. चुलीपाशी बसून छाती खराब झालेल्या बायका आपण सगळ्यांनी घरोघर पाहिल्या आहेत. बर्फातल्या बंद खोलीतली बुखारी ही फौजेची चूलच आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. मामा विडी ओढायचे. नियम सांगतो की दारू किंवा तंबाखूच्या अतिरेकामुळे झालेल्या आजाराची भरपाई मिळणार नाही, कारण ती माणसाच्या हातातली गोष्ट आहे. बोर्डाला तसं वाटलं असेल तर त्यांनी तसं लिहायला हवं होतं. रोज किती विड्या, किती वर्षं, तपासणीत काय दिसलं, आणि बुखारीच्या धुराचा वाटा शून्य का धरला. मग त्यावर वाद घालता आला असता. त्यांनी तेही लिहिलं नाही. १९८९ च्या हापोचा उल्लेख कागदावर नाही. उंचावर किती महिने काढले याचा उल्लेख नाही. एका शब्दावर अठरा वर्षं मिटवली.

आणि मामांच्या बोर्डाच्या वेळचा कायदा तर जवानाच्या बाजूनं होता. हे मला माहीत नव्हतं, मामांना माहीत नव्हतं, गावातल्या एकाही 'मेजर'ला माहीत नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या १९८२ च्या पात्रता नियमांत साध्या शब्दांत लिहिलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद झाली नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं गृहीत धरायचं, आणि पुढे तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असं मानायचं. पुरावा देण्याची जबाबदारी दावेदारावर टाकायची नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्डमध्ये सेवा केलेल्याला तो अधिक सढळ हातानं द्यायचा. आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्याची कारणं लिहायची. कारणं लिहिण्याचं बंधन नियमातच होतं. तो चौथा रकाना उगाच रुंद छापलेला नाही.

त्या नियमांना जोडलेली आजारांची एक यादी आहे. वकिलांनी ती माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी ती दोनदा वाचली. हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांच्या गटात पहिलं नाव फुप्फुसाच्या क्षयाचं. दुसरं फुप्फुसात पाणी होण्याचं, म्हणजे हापो ज्यात मोडतो त्या विकाराचं. मग क्षयाचेच आणखी दोन प्रकार. आणि पाचवं नाव ब्रॉन्कायटिस. मामांच्या कागदावरचा आजार सरकारच्या स्वतःच्या यादीत पाचव्या क्रमांकावर छापलेला होता.

या नियमांना धार आली ती २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालानं. हा सिग्नल्सचा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारानं बोर्ड होऊन घरी आला. २० टक्के अपंगत्व, नऊ वर्षांची सेवा, आणि तोच शेरा, मूळ प्रकृतीतला आजार. सर्वोच्च न्यायालयानं नियम एकेक करून वाचले आणि सांगितलं की भरतीच्या कागदावर नोंद नाही, बोर्डानं कारण दिलेलं नाही, तेव्हा आजार सेवेमुळेच झाला असं धरावं लागेल. घरी आल्यापासून निकालापर्यंत एकोणीस वर्षं गेली होती. तेव्हापासून हजारो माजी सैनिकांनी याच निकालाचं बोट धरून पेन्शन मिळवलं आहे. मे २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं : कारण न देता दिलेलं बोर्डाचं मत टिकणार नाही. त्याआधी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की आजार शांत ठिकाणच्या पोस्टिंगमध्ये सुरू झाला एवढ्यावरून सेवेशी संबंध नाही असं म्हणता येत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते प्रत्येकाला एकट्यानं लढावं लागतं तिथे. निकाल एकाच्या बाजूनं लागतो, पण तशाच दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आधी पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं स्थापन झालं आणि २००९ पासून सुरू झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे जिंकलं तरी सरकार वरच्या न्यायालयात जाऊ शकतं, आणि वर्षानुवर्षं जात राहिलं. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती. अपंगत्वाच्या प्रकरणांत सैनिकांविरुद्धची अपिलं थांबवा, असा त्या समितीच्या शिफारशींचा सूर होता. कारगिलच्या युद्धात पाय गमावलेला अधिकारीही त्या समितीत होता.

दुसरी बाजूही आहे. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब, मधुमेह दाखवून अपंगत्वाचा फायदा घेणारे वाढले, अशी तक्रार सैन्याच्या मुख्यालयातूनच होत होती. महालेखापालांनीही त्यावर बोट ठेवलं होतं. ती चिंता खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणून २१ सप्टेंबर २०२३ ला जे नवे पात्रता नियम आले, त्यांत 'अपंगत्वाचा भाग' जाऊन 'इम्पेअरमेंट रिलीफ' आला आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्याला मोठा विरोध केला. माझं मत मी सांगतो. ऑफिसमध्ये बसून वाढलेलं वजन आणि अठरा हजार फुटांवर धुरात जळलेलं फुप्फुस यांना एकाच चाळणीतून काढलं, तर अडकतं ते फुप्फुस. कारण ज्याला कागद वाचता येतो तो चाळणीतून वाट काढतो, आणि ज्याला इंग्रजी येत नाही तो सही करून घरी येतो.

फुप्फुसाची आणखी एक अडचण म्हणजे ते दिसत नाही. पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे व्हीलचेअरवरचा जवान पाहिला की कुणीही थांबून नमस्कार करतं, आणि करायलाच हवा. पारावर बसून श्वास मोजणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कुठे लागलं? वानवडीच्या लष्करी हृदय-छाती संस्थेत वर्षानुवर्षं असे जवान येत आले आहेत, क्षयाचे, दम्याचे, फुप्फुसात गाठी झालेले. त्यांच्या अंगावर जखमेची खूण नसते. एक्स-रेवरची पांढरी सावली हीच त्यांची खूण.

नौदलाची गोष्ट तर आणखी उशिरा उघडी पडते. कोकणपट्टीतून, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं नौदलात गेली. वाफेवर चालणाऱ्या जुन्या युद्धनौकांच्या बॉयलर रूममध्ये पाइपांवर ॲस्बेस्टॉसची गुंडाळी असायची, जगभरच्या नौदलांत तेच होतं. त्याची सूक्ष्म तुसं छातीत गेली की वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी आजार डोकं वर काढतो. रिलीज बोर्डाच्या दिवशी एक्स-रे स्वच्छ असतो. सेवेत असताना सुरू झालेली प्रक्रिया निवृत्तीनंतर उशिरा प्रकट झाली तर दावा करता येतो, अशी तरतूद आपल्या नियमांत आहे, पण तिला वर्षांची मर्यादा आहे. ॲस्बेस्टॉसला ती मर्यादा माहीत नाही.

अमेरिकेनं याच प्रश्नावर अलीकडे एक रस्ता काढला. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर उघड्या खड्ड्यांत प्लॅस्टिकपासून वैद्यकीय कचऱ्यापर्यंत सगळं जाळलं जायचं. त्या धुरात राहिलेल्या सैनिकांना दमा, फुप्फुसाचा कर्करोग, श्वासनलिका आकसण्याचे आजार झाले आणि वर्षानुवर्षं त्यांना 'पुरावा आणा' असं सांगितलं गेलं. शेवटी १० ऑगस्ट २०२२ ला 'पॅक्ट' कायदा झाला, फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेल्या हीथ रॉबिन्सन नावाच्या सार्जंटच्या नावानं. त्यात आजारांची यादी आहे. तुम्ही त्या भागात, त्या काळात सेवा केली आणि यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरलं जातं. आपल्याकडे यादी १९८२ मध्येच होती. तसं धरायचं हेही १९८२ मध्येच लिहिलेलं होतं. कमी पडलं ते एवढंच की बोर्डाच्या टेबलावर ते पान उघडलं गेलं नाही.

आता आमच्या गावातून पोरं अग्निवीर होऊन जातात. चार वर्षं, नंतर पेन्शन नाही. अपंगत्व आलं तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांना ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी, तेही आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला असं ठरलं तर. म्हणजे त्यांच्यासाठीही तोच तक्ता, तेच रकाने. लष्कराच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरू लागतात. मामांच्या शेजारच्या घरातला मुलगा सध्या लडाखमध्ये आहे. त्याच्या आईला मी एवढंच सांगितलं की त्याला म्हणावं, छातीचं काहीही झालं तर युनिटच्या डॉक्टरकडे नोंद करून घे, 'किरकोळ आहे' म्हणून सोडू नको. मामांनी कितीतरी वेळा सोडलं होतं. सिक रिपोर्टला जाणं म्हणजे कामचुकारपणा असं पलटणीत मानलं जायचं.

मामींचा अर्ज दाखल झाला आहे. हापोच्या वेळची इस्पितळाची नोंद रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागितली आणि पाच महिन्यांनी ती मिळाली. १९८९, ऑक्सिजन दिला, हेलिकॉप्टरनं खाली आणला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. हा कागद १९९९ च्या बोर्डासमोर ठेवलेला होता की नव्हता, ते आता विचारलं जाईल. मामी म्हणतात, "त्येंनी कधी मागितलं न्हाई, मी कशी मागू?" त्यांना समजावायला आम्हाला दोन महिने लागले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल, तर या दिवाळीत साफसफाई करताना ती खाली काढा. डिस्चार्ज बुक बाजूला ठेवा आणि मेडिकल बोर्डाचा कागद शोधा. नसेल तर माहिती अधिकारात मागवा, मिळतो. त्यातला आडवा तक्ता बघा आणि शेवटचा रुंद रकाना वाचा. तिथे एकच शब्द असेल, किंवा काहीच नसेल, तर कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तिथून पुढे न्यायाधिकरणाचा रस्ता विचारा. खूप वर्षं झाली म्हणून मागे फिरू नका. पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्यानं होणारी चूक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच म्हटलं आहे. थकबाकी मात्र सहसा अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून जितका उशीर कराल तितके पैसे जातील. आणि मुख्य म्हणजे, ज्याचा कागद आहे तो माणूस अजून भिंतीला टेकून बसलेला असेल, तर हे आजच करा.